बाहुलीघराचं छप्पर: आढ्यावरची फट बुजवूनही परत का उघडते

आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्या छपराला लागू पडत असेल, तर पुढचं वाचून होईपर्यंत गोंदाची बाटली बंदच ठेवा.

आढ्यावर, म्हणजे दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) माथ्यावर जिथे भेटतात तिथे, फट दिसते. लांबी (पुट्टी) भरून रंग दिला तरी काही आठवड्यांत तिथेच किंवा तिच्या शेजारी केसासारखी भेग येते. वळचणीचे कोपरे भिंतीपासून सुटून वर उचललेले असतात आणि बोटाने दाबले तर बसतात, सोडले की परत उठतात. लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या कौलांची खालची टोकं वर वळतात, एखादं कौल आपण होऊन निखळून पडतं. कौलांच्या रांगा वळचणीपाशी सरळ असतात, आढ्यापाशी पोहोचेपर्यंत तिरक्या होतात. बिजागरीवर उघडणारं छप्पर असेल तर कालपर्यंत नीट मिटत होतं, आज एका कोपऱ्यात अडतं.

वरवर या सहा तक्रारी वेगळ्या वाटतात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या छपरांत त्यांच्यामागे बहुतेक वेळा एकच कारण निघालं: पाखं एका बाजूने ओलं झालं, दुसऱ्या बाजूने नाही. उरलेल्या वेळी खालचा सांगाडा वाकडा होता. गोंद कमी पडला म्हणून फट आली, असं क्वचितच. मला हे कळायला वेळ लागला. माझ्या पहिल्या बाहुलीघराच्या आढ्यात मी तीनदा लांबी भरली आणि तिन्ही वेळा भेग नव्या जागी आली. लांबी जागच्या जागी घट्ट होती, तिच्या शेजारचं लाकूड हलत होतं.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. बाहुलीघरात उलटं होतं: पाखं फिरतं आणि मग चांगल्या बांधलेल्या भिंतीही ओढल्या जातात.

फट वाचायला शिका (खर्च काही नाही)

फट बुजवण्याआधी ती नीट बघा. आढ्याच्या दोन टोकांना आणि मधोमध, अशा तीन ठिकाणी फटीची रुंदी मोजा आणि आतल्या बाजूला पेन्सिलने तारखेसह लिहून ठेवा. फट कशी आहे त्यावरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं.

टोकापासून टोकापर्यंत सारखीच रुंद असेल, तर पाख्याची कड चुकीच्या कोनात कापली आहे. एका टोकाला मिटलेली आणि दुसऱ्या टोकाला उघडी असेल, तर सांगाडा तिरका आहे किंवा दोन तिकोनी भिंतींची उंची एक नाही. टोकांना एक आणि मधे वेगळी असेल, तर पाखं वाकलंय. आणि आठ-पंधरा दिवसांनी मोजल्यावर आकडे बदललेले दिसले, दमट दिवसांत एक आणि कोरड्या दिवसांत दुसरे, तर लाकूड हवेतला ओलावा घेतंय आणि सोडतंय. अशा हलत्या फटीत काहीही भरलं तरी ते टिकणार नाही, हे लिहून घ्या.

दरम्यान घर ठेवलंय कुठे तेही बघा. ऊन येणारी खिडकी, ओल धरणारी भिंत, सतत गरम राहणाऱ्या यंत्राचा माथा, पंख्याचा थेट झोत. छपराची एक बाजू दुसरीपेक्षा सतत जास्त तापत किंवा सुकत असेल, तर बाकीचं सगळं बरोबर करूनही ते वाकणार. जागा बदलून दोन आठवडे थांबल्यावर अर्धी तक्रार गेलेली मी पाहिली आहे. थांबणं कोणालाच आवडत नाही, म्हणून ही पायरी लोक गाळतात.

सरळपट्टी आणि दोन कर्ण

आता स्टीलची पट्टी घ्या आणि उभी कड टेकवून पाख्यावर ठेवा. आधी आढ्याला समांतर, मग आढ्यापासून वळचणीपर्यंत, मग दोन्ही कर्णांवर. मागून उजेड धरा. पट्टीखालून मधे उजेड येत असेल तर पाखं वरून वाटीसारखं झालंय. पट्टी मधे टेकून दोन्ही टोकांना डोलत असेल तर ते उलट्या वाटीसारखं आहे. एका कर्णावर सरळ आणि दुसऱ्यावर वाकडं असेल तर पीळ पडलाय, आणि पीळ काढणं सगळ्यांत त्रासाचं. कौलं आधीच लावलेली असतील तर ही तपासणी आतून करा, कौलांवर पट्टी काही सांगणार नाही.

ही तपासणी महत्त्वाची का, तर बाक डोळ्यांना दिसतो त्याहून फार लहान कारणाने येतो. हिशेब करून बघा. पाखं ४० सेंमी लांब आणि ३ मिमी जाड आहे. त्याची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा फक्त ०.४ मिमीने आखडली, म्हणजे हजारात एक भाग, तर मधे जवळजवळ ७ मिमी बाक येतो. तेच पाखं ६ मिमी जाडीचं घेतलं तर बाक निम्मा. १:१२ मापाच्या घरात, जिथे खऱ्यातला एक फूट म्हणजे इथला एक इंच, ७ मिमी म्हणजे खऱ्या घराचं छप्पर साडेआठ सेंमी उचललेलं. म्हणून मी आता मोठ्या पाख्यांना ३ मिमी वापरतच नाही. पातळ प्लाय कापायला सोपं असतं, एवढाच त्याचा गुण.

पट्टीने पाखं सरळ दाखवलं तर खालच्या सांगाड्याकडे वळा. दोरा किंवा कागदाची पट्टी घेऊन खोक्याचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे हवेत. २ मिमीचा फरक सहज खपतो, ५ मिमीचा खपत नाही. मग दोन्ही तिकोनी भिंती तळापासून टोकापर्यंत मोजा. गुण्या असेल तर कोपऱ्यांना लावून बघा, नसेल तर एखाद्या पुस्तकाचा कोपराही चालतो. सांगाडा तिरका असेल तर छपराला हात लावायचं कारण नाही. आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी ठोकळे चिकटवून, कर्ण सारखे होईपर्यंत दोरीने ताणून, रात्रभर तसंच ठेवा. छप्पर बऱ्याचदा आपोआप बसतं.

पाण्याचा एक थेंब

पाख्याच्या आतल्या बाजूला, सहसा न दिसणाऱ्या कोपऱ्यात, पाण्याचा एक थेंब टाका. एक मिनिट थांबा. थेंब गोल राहिला तर ती बाजू सील केलेली आहे. पसरून गडद डाग झाला तर ती कोरी आहे. बाहेरून दोन हात रंग आणि आतून कोरं लाकूड, हा माझ्याकडे येणाऱ्या छपरांचा सर्वसाधारण प्रकार. आतली बाजू कोणाला दिसते, म्हणून सोडून दिलेली असते.

इथे काय घडतं ते समजून घेतलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. लाकूड ओलावा घेतं तेव्हा रेषेच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ वाढत नाही. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत लांबीत ०.१ ते ०.२ टक्के फरक पडतो. रेषेच्या आडव्या दिशेला हाच फरक साधारण ५ ते १० टक्क्यांपर्यंत जातो. प्लायवुडमध्ये थर आडवे-उभे चिकटवून ही ओढाताण आवरलेली असते, पण ती आवरलेली राहते ती दोन्ही बाजू सारख्या असेपर्यंतच. तुम्ही एका बाजूला पाण्याचा रंग किंवा पांढरा गोंद फासला की ती बाजू आधी फुगते आणि पाखं बाहेरच्या बाजूला फुगीर होतं. लोक घाबरतात, मग सुकताना ते सरळ होतं आणि लोक निश्चिंत होतात. खरा बिघाड त्यानंतर. फुगताना मागच्या थरांनी दाबून धरलेले तंतू सुकल्यावर मूळ मापापेक्षाही आखूड होतात, वरून गोंदाचा थरही आखडतो, आणि पाखं रंगवलेल्या बाजूने वाटीसारखं होतं. कोपरे वर. आढ्यावर फट. पुढे दमट दिवस आले की कोरी आतली बाजू फुगते आणि वाटी आणखी खोल होते.

एमडीएफला (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळीला) रेष नसते, त्यामुळे तो जरा शहाण्यासारखा वागतो. पण त्याची कापलेली कड पाणी पिते, फुगते आणि परत मूळ मापावर येत नाही. एमडीएफच्या कडा आधी सील करा, बाकी सगळं नंतर. फोमबोर्डला दोन्ही अंगांना कागद असतो आणि एका कागदावर पाणचट गोंद लागला की तासाभरात तो केळीच्या सालीसारखा वळतो.

पडलेल्या कौलाची पाठ

निखळलेलं कौल लगेच परत चिकटवू नका, उलटं करून बघा. पाठीवर गोंदाचा गुळगुळीत, चकचकीत थर असेल तर गोंद पाख्याला कधी लागलाच नव्हता; लावल्यावर वेळ गेला, वर साय धरली आणि मग कौल ठेवलं गेलं. पाठीवर रंगाचा पापुद्रा आला असेल तर कौल रंगावर चिकटवलंय आणि रंगच सुटलाय. लाकडाचे तंतू उपटून आले असतील तर गोंद उत्तम होता, कौल वळताना त्याने पाख्याचा थर सोलून नेला. पांढरी भुकटी असेल तर खाली धूळ होती.

पहिल्या आणि चौथ्या प्रकारात नुसतं घासून परत चिकटवणं पुरतं. दुसऱ्यात त्या भागातला रंग पॉलिश पेपरने खरवडून लाकूड उघडं करावं लागतं. तिसऱ्या प्रकारात दोष कौलाचा: ते चिकटवल्यानंतर रंगवलंय. लाकडी कौलं रंगात बुडवून, दोन्ही बाजूंनी भिजवून, सपाट पसरून पूर्ण दिवस सुकवायची आणि मगच लावायची. लावून झाल्यावर वरून पाण्याचा रंग फिरवला की प्रत्येक कौलाची वरची बाजू आखडते आणि टोकं उठतात. पाख्याचं आहे तेच, फक्त लहान मापात. वळलेली थोडी कौलं असतील तर टोकाखाली काडीने गोंदाचा ठिपका सोडून मास्किंग टेपने रात्रभर दाबून ठेवा. शेकड्याने असतील तर तो नाद सोडा आणि काढून नव्याने लावा.

सरळ करण्याचे उपाय, सौम्यापासून सुरुवात

इथून पुढे वेळ जातो आणि थोडं सामान लागतं.

पाखं अजून कोरं असेल (रंग नाही, कौलं नाही) तर सोपं आहे. खोलगट बाजू ओल्या फडक्याने हलकी पुसा, पाणी ओतू नका. मग वाटी पालथी घातल्यासारखं पाखं ठेवा, दोन्ही कडांखाली बारीक पट्ट्या द्या आणि मधे वजन ठेवा. पट्ट्यांमुळे खालून हवाही लागते आणि पाखं सरळ रेषेच्या किंचित पलीकडे झुकतं. ते हवंच, कारण वजन काढल्यावर ते थोडं मागे येतं. दोन दिवस द्या. हा उपाय प्लायला, एमडीएफला नाही.

बाहेरून रंग किंवा कौलं आहेत आणि आतून कोरं आहे, अशा वेळी बाहेरच्या ओढीला आतून तेवढीच ओढ द्यायची. जाड कागद पांढऱ्या गोंदाने आतल्या पूर्ण पृष्ठभागावर चिकटवा, एकही कोपरा न सोडता, आणि पाखं सपाट दाबून सुकू द्या. सुकताना कागद आणि गोंद आखडतात आणि पाख्याला परत ओढून आणतात. ३० सेंमीमागे २-३ मिमी बाक यात जातो. हा माझा सगळ्यांत आवडता उपाय, कारण तो दिसतही नाही. त्याच कागदावर आतल्या खोलीचं छत रंगवता येतं.

बाक त्याहून जास्त असेल तर वासे द्या. ६ ते ८ मिमी चौकोनी, सरळ, कोरड्या लाकडाच्या पट्ट्या आतून चिकटवायच्या. त्यांची दिशा चुकवू नका: पाखं ज्या दिशेने वळलंय त्याच दिशेला वासा जायला हवा. आढ्याच्या लांबीत बाक असेल तर वासा आढ्याला समांतर, उतारावर बाक असेल तर आढ्यापासून वळचणीकडे. पट्टी आडवी घातली तर ती वाकलेल्या पाख्यावर आरामात बसते आणि काहीच करत नाही. आधी पाखं सपाट फळीवर शिकंज्याने सरळ दाबून घ्या, त्यानंतर वासा लावा. खरी छपरंही वाशांवर उभी असतात, त्यामुळे माळ्यावरून बघताना हे उघडे वासे छानच दिसतात.

या सगळ्यानंतर, आणि त्याआधी नाही, दोन्ही बाजू आणि चारी कडा सारख्याच हातांनी सील करा. बाहेर दोन तर आतही दोन.

सील झाल्यावर कौलं लावायची असतील तर पाण्याविना सुकणारा रबरी गोंद बरा, खिडक्या उघड्या ठेवून. पांढराच वापरायचा असेल तर कौलाच्या वरच्या तिसऱ्या भागात ठिपके द्या, पूर्ण पाठ माखू नका. गरम गोंदाच्या बंदुकीचा मला राग नाही, पण उन्हात तापलेल्या गडद छपरावर तो मऊ पडतो आणि कौलं सावकाश खाली सरकतात. वळचणीची पहिली रांग दुहेरी, वरच्या रांगेचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत, आणि प्रत्येक रांगेसाठी वळचणीपासून मोजून पेन्सिलची रेघ. खालच्या रांगेवरून अंदाजाने पुढची रांग धरली तर काय होतं बघा: २० सेंमीच्या उतारावर दर १० मिमीला एक, अशा २० रांगा. प्रत्येकीत एका टोकाला अर्धा मिमी चूक झाली तरी आढ्यापाशी पूर्ण १० मिमी, म्हणजे अख्खी एक रांग तिरकी. लागलेल्या तिरक्या रांगा सुधारता येत नाहीत. वरच्या चार-पाच रांगा काढून फरक थोडा थोडा वाटून टाका, एवढंच जमतं.

सगळ्यांत अवघड: कड परत कापणं

फट सगळीकडे सारखी होती, पाखं सरळ निघालं, सांगाडाही गुण्यात निघाला, तर दोष कापात आहे. पाख्यांच्या कडा काटकोनात कापून नुसत्या एकमेकींना टेकवल्या तर आतले कोपरे भिडतात आणि वर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच राहते. ६ मिमी प्लायला ३० अंशांच्या उतारावर ही खाच ६ मिमी रुंद होते, ४५ अंशांवर साडेआठ. ती लांबीने भरू नये, एवढी जाड लांबी सुकताना फुटतेच.

उपाय दोन. ४५ अंशांच्या छपरात आढ्यावर बरोबर काटकोन होतो, म्हणून एक पाखं दुसऱ्यापेक्षा जाडीइतकं लांब ठेवून त्याच्या कडेवर चढवता येतं. कोन कापावाच लागत नाही. बाकी कुठल्याही उतारावर प्रत्येक कडेला उताराच्याच कोनाचा तिरपा काप हवा: ३० अंशांचं छप्पर, तर काटकोनापासून ३० अंश. पॉलिश पेपर सपाट ठोकळ्यावर चिकटवून, किंवा छोट्या रंध्याने, हे हातानेही होतं. थोडं घासा, लावून बघा, परत घासा. थोडी फट उरली तर आढ्यावर दुमडलेल्या पुठ्ठ्याची टोपी बसवा. तिला एकाच पाख्यावर चिकटवा, दुसऱ्यावर नुसती टेकू द्या. लाकूड हललं तरी भेग दिसणार नाही. खऱ्या घरांवरही आढ्यावर वेगळं कौल असतं, त्यामुळे ही लबाडी वाटत नाही.

बसलेलं छप्पर काढायचं असेल तर आधी गोंद ओळखा. गरम गोंद सांध्यात स्पिरिटचे थेंब सोडले की सुटतो. पांढरा गोंद कोमट ओल्या फडक्याने आणि धीराने मऊ होतो, मग पातळ पातं हळूहळू आत सरकवायचं. जोर करून उचकलं तर छप्पर निघतं, पण भिंतीचा थर घेऊन.

इथे थांबा

घर जुनं असेल, कोणाच्या आजी-पणजीच्या काळातलं, तर वर सांगितलेलं घासणं-खरवडणं काहीच करू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरांसाठीच्या आणि खेळण्यांवरच्या शिसेयुक्त रंगावर बंदी आली तीच १९७८ साली, पुष्कळ देशांत त्याहून बरीच उशिरा. सुका पॉलिश पेपर मारला की ती धूळ श्वासात जाते, आणि घर ज्यांच्यासाठी दुरुस्त करतोय त्या मुलांना ती जास्त बाधते. रंगाची तपासणी करून घ्या. शिवाय अशा घराचा मूळ रंग आणि मूळ कौलं हीच त्याची किंमत असते, ती जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्याकडेच जावीत.

पाख्याला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली ताजी पिठासारखी भुकटी दिसली, तर आत किडा आहे. घर बाकीच्या लाकडी सामानापासून दूर, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि कीडनियंत्रण करणाऱ्याला दाखवा. भोकं लांबीने बुजवून रंग देणं म्हणजे किड्याला आत कोंडून जेवायला घालणं.

छपरात दिव्यांच्या तारा असतील तर आधी प्लग काढा. १२ व्होल्टची बाजू तुम्ही हाताळू शकता. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची, भिंतीतल्या विजेची तार सोललेली किंवा तापलेली दिसली तर वायरमनला बोलवा. आणि वासे घालून, कागद लावूनही पीळ तसाच राहिला, तर ते पाखं टाकून द्या. पिळलेल्या प्लायवर मी घालवलेले तास नवं पाखं कापायला लागणाऱ्या वेळेच्या कित्येक पट होते.

लांब कडेचा तिरपा काप यंत्राच्या करवतीवर घ्यायचा असेल तर तो सुताराकडून घ्या. पातळ, अरुंद तुकडा तिरप्या पात्याला लावताना बोटं पात्याच्या फार जवळ येतात. जाताना कोनाचा आकडा सांगत बसू नका, काटकोनापासून की सपाटीपासून यात हमखास घोळ होतो. तिकोनी भिंतीच्या टोकावर जाड पुठ्ठा ठेवून त्याचा कोन कापून घ्या आणि दोन्ही पाख्यांबरोबर तोच सुताराच्या हातात द्या.